हाली, कलदार आणि घरची शिल्लक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय दिला तो असा : 'कर आणि बँक यांच्या व्यवहारात सामान्य कुटुंबाने पैसे कसे वाचवावेत?' आम्ही हिशेबतपासनीस नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण हजेरीपट, पगारपत्रक आणि कामगार कायद्याची जुनी पुस्तके यांनी केले. युनियनच्या कामात तीस वर्षे एकच प्रश्न नाना रूपांनी ऐकला. 'साहेब, पगार तर वाढला, मग शिल्लक का पडत नाही?' उधळपट्टी होते, असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आमचा अनुभव तसा नाही. गरिबाचा पैसा खर्चात जातो त्याहून अधिक अज्ञात व्यवहारात झिरपतो. हे झिरपणे कोठे होते ते शोधताना आम्हाला आपल्याच शहराचा इतिहास वाचावा लागला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

आजचे छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याहून पूर्वीची खडकी. १६१० साली मलिक अंबरने ही वस्ती राजधानी म्हणून वसविली. नहरींमुळे त्याचे नाव येथे घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याचे दुसरे मोठे काम जमीनमहसुलाचे होते. वसुलीचा मक्ता घेणारा इजारदार सरकारात ठराविक रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तितके उकळी. ही मक्तेदारी मलिक अंबरने मोडली, पीक पाहून साऱ्याचे प्रमाण ठरविले आणि पुढे ते रोखीत घेण्याची वहिवाट घातली. त्याला आपण लोकशाहीवादी ठरविण्याचे कारण नाही. खजिना भरणे हाच त्याचा हेतू होता. पण एवढे खरे की, देणे किती हे कुणब्याला आधी कळले म्हणजे मधल्या माणसाचा हात आखडतो. 'दर आधी माहीत असणे' हा बचतीचा पहिला पाठ या शहराच्या पायातच घातलेला आहे.

आता तीन शतके ओलांडून निजामी अमलात या. आमच्या आजीच्या पितळी डब्यात एक रुपया होता. त्यावर चारमिनार होता. लहानपणी तो हातात घेऊन आम्ही विचारीत असू, 'हा चालत का नाही?' आजी म्हणे, 'हा हालीचा. कलदार येगळा. सहाला सात, येवढं ध्यानात ठिव.'

या 'सहाला सात'चा अर्थ आम्हाला पुष्कळ उशिरा उमगला. हैदराबाद संस्थानचे नाणे स्वतंत्र होते. त्याला हाली सिक्का म्हणत. १९१८ पासून संस्थानच्या कागदी नोटाही निघू लागल्या. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. शंभर कलदार रुपयांस एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली, असा हिशेब धरीत. सोप्या बोलीत सहा कलदारांस सात हाली. संस्थानात सारा, मजुरी व बाजार हालीत. शेजारी मनमाड मात्र इंग्रजी हद्दीत. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि मनमाड काही तासांवर आले. मराठवाड्यातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाची मजुरी कलदार होती. घरी आल्यावर तिची हाली करून घ्यावी लागे.

येथे व्यवहार कसा होई तो उदाहरणाने पाहू. मुंबईहून भावाने तीस कलदार पाठविले. हिशेबाने त्यांचे पस्तीस हाली झाले पाहिजेत. पेढीवरचा माणूस 'आज भाव उतरला' म्हणून चौतीस हातावर ठेवी. गेला एक रुपया. दरमहा एक, म्हणजे वर्षाला बारा. महिन्याला तीस रुपये धाडणाऱ्या माणसाची ही सुमारे दहा दिवसांची पाठवणी. कोणी चोरी केली नाही, कोणी मारहाण केली नाही, आणि घरातही कोणी उधळले नाही. केवळ 'सहाला सात' ठाऊक नसल्यामुळे ते गेले. आजीला अक्षरओळख नव्हती, पण हा दर पाठ होता. तो पाठ असणाऱ्या बाईला पेढीवरचा माणूस सहसा फसवीत नसे, असे ती अभिमानाने सांगे. आमच्या मते अर्थशास्त्राचे हे तिचे शिक्षण मोलाचे होते.

वर्षाचीही अशीच गत. सरकारी दप्तर फसली सनाचे. इसवी सनातून पाचशे नव्वद वजा करावेत तेव्हा फसली सन स्थूलमानाने निघतो, आणि त्याचे महिनेही निराळे. कर्जरोख्यावर फसली तारीख, घरात मराठी तिथी, रेल्वेत इंग्रजी तारीख. व्याजाचा महिना कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे सावकाराला कळे, कुळाला कळत नसे. पुढे १९५० नंतर भारतीय चलन रूढ झाले आणि त्या दशकात हाली क्रमाने व्यवहारातून गेली. तेवढ्यात १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे. दुकानात पाव पैसा कोठून आणणार? तो कोणाच्या बाजूने सुटला असेल, हे सांगावयास नको. एका पिढीला दहा वर्षांत दोनदा नव्याने पैसे मोजावयास शिकावे लागले.

आता मजुराकडे वळू. येथे १८८९ साली सूत व कापडाची गिरणी निघाली आणि शहरात मजुरीवर जगणारा वर्ग उभा राहिला. याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे मांडीत होते. १८८४ च्या त्यांच्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, तशी मजुरी पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावी हीही होती. आजच्या माणसाला ही मागणी क्षुल्लक वाटेल. पण पगार जितका लांबतो तितके दिवस घर उधारीवर चालते, आणि उधारीला व्याज असते. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात नोंदविले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत सुमारे दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत. १९३६ च्या वेतन कायद्याने सात किंवा दहा तारखेची मर्यादा घातली, ती त्यानंतर. नव्या वेतनसंहितेतही मासिक पगाराला सात तारखेचे बंधन आहे. आम्ही तर म्हणतो, कामगाराच्या घरात पहिली मोठी बचत या तारखेने केली. ती काटकसरीने झाली नाही, संघटनेने झाली.

करांचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. निजामी राज्यात प्राप्तीवरचा कर अगदी अखेरीस, १३५७ फसलीच्या कायद्याने, म्हणजे १९४७-४८ च्या सुमारास आला. तोवर खजिना भरे तो जमीनसारा, अबकारी आणि करोडगिरी यांवर. करोडगिरी म्हणजे हद्दीवरची जकात. मनमाडकडून आलेल्या कापडावर ती बसे आणि किमतीत मिसळून जाई. हवेलीतल्या धनिकाला प्राप्तीचा हिशेब द्यावा लागत नव्हता. लुगडे घेणाऱ्या मजुरणीला मात्र प्रत्येक लुगड्याबरोबर कर भरावा लागे, आणि आपण कर भरतो हे तिला ठाऊकही नसे. १ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर कायदा येथे लागू झाला. कर पावतीवर दिसू लागला, त्यात सूट मागता येऊ लागली, जादा गेलेला परत मागता येऊ लागला. दिसणारा कर बोचतो खरा. पण न दिसणाऱ्या कराला जाब विचारता येत नाही.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. आम्ही कर बुडविण्याचा उपदेश करण्यास उभे नाही. पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसायकर दिसतो, त्यावर कामगार कुरकुरतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडून दिवस काढले. त्यातून रोजगार हमी योजना वाढली आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर आला. म्हणजे कारखान्यातल्या भावाने शेतावरच्या भावाला दिलेला तो हात आहे. तो द्यावा. पण देणे नसलेले देऊ नये. एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत मासिक पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. पगारपत्रक वाचणारी बहीण चुकीची कपात लगेच दाखवून देईल. न वाचणारीची कपात चालूच राहील.

आता पेढ्या आणि बँका. इंग्रजी मुलखात १ एप्रिल १८८२ रोजी टपालखात्याची बचत बँक सुरू झाली आणि चार आण्यांच्या माणसाला पासबुक मिळाले. आपल्याकडे १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. संस्थानच्या चलनाची व्यवस्था हेही तिचे काम होते. १९५६ साली ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर मजुराच्या पोराला बँकेच्या दारातून आत जाण्याचा धीर आला, हे आम्ही पाहिलेले आहे. वाळूजला कारखाने आले, पगार बँकेत जमा होऊ लागला आणि आम्हाला वाटले, आता झिरपणे थांबले.

ते थांबले नव्हते, याची साक्ष आम्हीच देतो. पंधरा-एक वर्षांपूर्वी आमच्या भागात एक पतसंस्था होती. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त देई. दारावर पाटी मोठी, आत खुर्च्या चांगल्या. गेटसभेत कोणी विचारले, 'साहेब, ठेवावे का?' आम्ही म्हणालो, 'ठेवा, आपल्याच माणसांची आहे.' आमच्या शब्दावर कित्येकांनी ठेवी ठेवल्या. एका सकाळी दाराला कुलूप दिसले. एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न त्या ठेवीवर ठरले होते. तो आमच्याकडे भांडावयास आला नाही. 'साहेब, तुम्हाला तरी काय ठाऊक?' एवढेच म्हणाला. ते वाक्य शिवीहून जड होते. पुढाऱ्याला ठाऊक नसणे हा अपराधच आहे.

ठाऊक काय असावयास हवे होते? १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ आले. आरंभी एका ठेवीदाराला एका बँकेत दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होते. १९९३ साली ते एक लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. हा विमा व्यापारी बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. 'सहकारी बँक' आणि 'सहकारी पतसंस्था' यांच्या पाट्या शेजारीशेजारी असतात, पण दोहोंत ही एवढी दरी आहे. दोन टक्के जास्त व्याज ही त्या दरीची किंमत होती. लाखावर वर्षाला दोन हजार जादा, आणि पणाला लावलेला तो सगळा लाख. आजीचा 'सहाला सात' आम्हाला पाठ होता. आमच्या काळाचा दर मात्र आम्ही पाठ केला नव्हता.

म्हणून आता गेटसभेत व्याख्यान न देता चार-पाच गोष्टी सांगतो, त्याच येथे सांगतो. पैसे ठेवण्यापूर्वी विचारा, ठेवीवर विमा आहे काय. आणि एका बँकेत व्याजासह पाच लाखांवर ठेव जाऊ देऊ नका. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड कापला जात असेल, तर मूलभूत बचत खाते मागा. त्याला शिल्लकेची अट नसते. ठेवींचे वार्षिक व्याज पन्नास हजारांवर, ज्येष्ठांचे एक लाखावर गेले की बँक कर कापते. करपात्र उत्पन्न नसेल तर तसे स्वयंघोषणापत्र वर्षाच्या आरंभीच द्या. कापला गेलाच, तर विवरणपत्र भरून परत मागा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला प्राप्तिकर पडत नाही. पण कापलेला कर विवरणपत्र न भरता आपल्या पायाने घरी येत नाही. नोकरी बदलली की भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्याची घाई करू नका, तो नव्या ठिकाणी वर्ग करा. पाच वर्षांची सलग नोकरी होण्यापूर्वी काढल्यास त्यावर कर लागू शकतो. आणि प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लावा. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती पुढेही मागता येते, पण मागणाऱ्याला तिचा पत्ता हवा.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी चहा सोडावा लागत नाही, पोराची वही कमी करावी लागत नाही. गरिबाला काटकसर शिकविणारे फार झाले. काटकसर तर त्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे. त्याला हवा आहे तो दर, पावती, आणि दोन्ही समजून घेणारी चार माणसांची संगत. रविवारी सकाळी आमच्या कचेरीत पासबुके आणि पगारपत्रके घेऊन लोक बसतात. एकाला सापडलेली चूक दहांच्या कागदांत सापडते. लग्न अडलेला तो सहकारीही येतो. बुडालेल्या ठेवीपैकी निम्मी त्याला फार उशिरा मिळाली. मुलीचे लग्न कर्ज काढून झाले. आता नव्या पोरांचे कागद तोच तपासतो आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारतो, 'विमा आहे का?'

आजीचा हालीचा रुपया अजून आमच्या घरी आहे. बाजारात त्याला किंमत नाही. परंतु युनियनच्या नव्या सभासदाला आम्ही तो हातात देतो आणि 'सहाला सात'ची हकीकत सांगतो. मग त्याच्या हातात त्याचे स्वतःचे पगारपत्रक ठेवतो आणि म्हणतो, 'आता हे वाच.'