ओटीवर पेढी, माजघरात मुसळ

आपल्या गटाची बैठक बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओटीवर भरते. आज आम्ही त्या ओटीचीच गोष्ट सांगणार आहोत, पनवेलच्या जुन्या व्यापारी घरांची.

पनवेल हे खाडीकाठचे बंदर. भरतीच्या पाण्यावर मुंबईहून गलबते येत. इथे माल उतरे आणि बैलगाड्यांतून बोरघाट चढून पुण्याकडे जाई. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि वर्दळ वाढली. इथल्या बैलगाड्यांचेही मोठे नाव होते. भाताचा व्यापार जोरात होता. १८५२ मध्ये नगरपालिकाही झाली.

अशा पेठेतल्या व्यापाऱ्याचे घर म्हणजे दुकान, कोठार आणि संसार एकाच छपराखाली. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, पावसासाठी उतरते कौलारू छप्पर. पुढे ओटी, तिथे गादी-तक्क्यावर पेढी. आत माजघर, स्वयंपाकघर, मागच्या दारी विहीर. धान्य कणग्यांत आणि माळ्यावर.

दूर इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, मेदिची या सावकार घराण्याने १४४४ पासून बांधलेला वाडाही असाच होता: खाली व्यवहार, वर कुटुंब. व्यापाऱ्याचे घर कुठलेही असो, त्याची तोंडओळख पैशाला आणि आतला भाग बायकांना.

पण नीट पाहा. ओटीवर तांदळाचा भाव ठरे, आणि तो तांदूळ माजघरात, परसात कांडला जाई. भात-गिरण्या येण्याआधी उखळ-मुसळ बायकांच्याच हाती होते. चोपडीत पोत्यांचा हिशेब असे, कांडणाऱ्या हातांचा नसे. घराच्या कागदावरही त्यांचे नाव नसे.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली. माल कल्याणमार्गे जाऊ लागला आणि पनवेलच्या गाडीतळांची रया गेली. आता तर जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहतात. वाडा पाडताना वाटण्या होतात. तेव्हा सह्या कुणाकुणाच्या घेतल्या जातात, हे बघायला हवे.

२००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात. म्हणून पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घराचा उतारा घेऊन या. ओटीवर बसून आपण तो एकत्र वाचू, आणि आपले नाव त्यावर आहे का ते पाहू.