कोनस शंखांचे जीवाश्म : आकार आणि नक्षीवरून जात कशी ओळखतात?

कोनस ही उष्ण समुद्रांत राहणाऱ्या शिकारी गोगलगायींची प्रजाती आहे. तिचा शंख उलट्या धरलेल्या शंकूसारखा दिसतो. आज या गटाच्या आठशेहून अधिक जाती जिवंत आहेत आणि नामशेष झालेल्या जातीही पुष्कळ आहेत. जिवंत जातींच्या शंखांवर ठिपके, रेघा, पट्टे किंवा जाळीची ठळक नक्षी असते. जात ओळखायला तीच सर्वांत सोयीची खूण असते, पण जीवाश्मात बहुधा तीच पुसलेली असते. त्यामुळे जीवाश्म कोनसची ओळख आकारापासून सुरू होते आणि मग हरवलेली नक्षी शोधावी लागते.

आधी ठरवायचे : हा जीवाश्म आहे का?

पालघर जिल्ह्यातील माहीम, केळवे, सातपाटी ते तारापूर-चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर लाटांनी झिजलेले शंख सापडतात. मच्छीमारांच्या जाळ्यांतूनही शंख किनाऱ्यावर येतात. पांढरा पडलेला, रंग उडालेला शंख हातात आला की तो लाखो वर्षांपूर्वीचा असावा असे वाटते. पण रंग उडायला एवढा काळ लागत नाही. उन्हात आणि वाळूत पडलेला शंख थोड्याच वर्षांत फिका पडतो. खाडीच्या काळ्या चिखलात रुतलेला शंख लोह आणि गंधकाच्या संयुगांमुळे करडा किंवा काळसर होतो आणि उगाचच प्राचीन भासतो.

या भागातील मूळ खडकाकडे पाहिले तर उत्तर आणखी स्पष्ट होते. पालघरचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, दख्खनच्या लाव्हापासून बनला आहे. हे ज्वालामुखीचे उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मुख्यतः जमिनीवर झाले. कोनसचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे हा खडक तयार झाला तेव्हाचा एकही कोनस अद्याप कोणाला सापडलेला नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये साठलेल्या गाळात जीवाश्म मिळतात, पण ते प्रामुख्याने गोड्या पाण्यातील आणि जमिनीवरील जीवांचे असतात. मुंबईतील वरळी टेकडीच्या अशाच थरांतून बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत.

किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्याच्या लेपाने एकमेकांना चिकटून बनलेला दगड कोकणात काही ठिकाणी दिसतो. त्यातील शंख दगडात घट्ट बसलेले असले तरी भूशास्त्राच्या मानाने ते फार अलीकडचे, काही हजार वर्षांचे असतात.

कोनसचे खरे जीवाश्म हवे असतील तर पश्चिम भारतात कच्छकडे वळावे लागते. तेथे मायोसीन काळातील, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे सागरी थर आहेत. कच्छमधील जीवाश्म शंखांची वर्णने जेम्स सॉवर्बी यांनी १८४० सालीच प्रसिद्ध केली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांचा वायव्य भारतातील जीवाश्म शंखांवरचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनीही कच्छच्या मायोसीन शंखांवर काम केले आहे.

आकार : डोळ्यांपेक्षा मोजपट्टी बरी

शंख कोनसचाच आहे ना, हे आधी पाहतात. तोंड लांब आणि अरुंद फटीसारखे असते. शेवटचा वेढा जवळजवळ सगळा शंख व्यापतो. शंख फुटलेला असेल तर आणखी एक खात्रीची खूण दिसते. कोनस वाढताना आतल्या जुन्या वेढ्यांच्या भिंती स्वतःच विरघळवून पातळ करतो. बाहेरची भिंत जाड आणि आतल्या कागदासारख्या पातळ, असा छेद दिसतो.

पुढे जातीकडे जाताना तीन मोजमापे घेतात : शंखाची पूर्ण लांबी, तोंडाची उंची आणि जास्तीत जास्त रुंदी. समजा, शंख ५० मिलिमीटर लांब, तोंड ४४ मिलिमीटर आणि रुंदी ३० मिलिमीटर आहे. पूर्ण लांबीतून तोंडाची उंची वजा केली की शिखराचे ६ मिलिमीटर उरतात. ते लांबीच्या ०.१२ पट आहेत, म्हणजे शिखर बुटके आहे. रुंदीला तोंडाच्या उंचीने भागले की ०.६८ येते. हा आकडा जितका मोठा, तितका शंख अंगाने रुंद. अशा गुणोत्तरांमुळे लहानमोठ्या शंखांची तुलना करता येते.

याशिवाय खांदा गोल आहे की धारदार, त्यावर गाठी आहेत का, शिखराच्या वेढ्यांवर खाचा किंवा कंगोरे आहेत का, आणि वाढीच्या रेषा तिथे किती खोल वळतात, हेही नोंदवतात. रंग गेला तरी या खुणा टिकतात. मात्र झिजलेल्या शंखाच्या शिखराचे टोक बहुधा तुटलेले असते, आणि मग लांबीचा आकडाच चुकतो.

आकार सारखा, नक्षी वेगळी

केवळ आकारावर विसंबले तर फसगत कशी होते, हे भारतीय समुद्रातील दोन जिवंत जातींवरून दिसते. कोनस फिग्युलिनस आणि कोनस बेट्युलिनस या दोघांचे शंख जड, रुंद आणि गोल खांद्याचे असतात. फिग्युलिनसवर तपकिरी अंगावर बारीक, सलग गडद रेघा असतात. बेट्युलिनसवर पिवळसर अंगावर ठिपक्यांच्या ओळी असतात. नक्षी दिसताच दोघे वेगळे ओळखू येतात. ती पुसली गेली तर घोटाळा होऊ शकतो.

उलट उदाहरणही आहे. कोनस टेक्स्टाइल आणि ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ या नावाने प्रसिद्ध असलेला कोनस मिल्नएडवर्ड्सी या दोघांवर तंबूंसारख्या त्रिकोणांची जाळी असते. पण पहिल्याचे अंग फुगीर असते, तर दुसऱ्याचा शंख सडपातळ आणि शिखर उंच, पायऱ्यापायऱ्यांचे असते. इथे आकार निर्णय देतो. (मिल्नएडवर्ड्सीला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले.)

पुसलेली नक्षी पुन्हा कशी दिसते?

जीवाश्म शंख साध्या प्रकाशात कोरा पांढरा दिसला तरी रंगद्रव्याचे काही अवशेष कवचात राहिलेले असू शकतात. अशा शंखावर अंधारात अतिनील प्रकाश टाकला की जिथे पूर्वी रंग होता तो भाग चमकतो आणि बिनरंगी भाग काळोखा राहतो. म्हणून छायाचित्र घेऊन त्याचे उजेड-अंधार उलटे करतात. मग मूळ शंखासारखी नक्षी समोर येते. शंख आधी ब्लीचच्या द्रावणात ठेवल्यास चमक वाढते.

अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जोनाथन हेंड्रिक्स यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सुमारे ४८ ते ६६ लाख वर्षांपूर्वीचे कोनस या पद्धतीने तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २८ जातींची नक्षी दिसली आणि त्यांपैकी १३ जाती विज्ञानाला नव्या होत्या.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नक्षी दिसते, पण मूळ रंग तपकिरी होता की नारिंगी, हे कळत नाही. मूळ कवच विरघळून फक्त आतल्या गाळाचा साचा उरला असेल तर चमकण्यासारखे काही शिल्लकच नसते. शिवाय एकाच जातीच्या दोन शंखांची नक्षी हुबेहूब सारखी नसते. म्हणून शक्य तितके नमुने शेजारी ठेवून पाहतात.

नाव कुठे थांबवायचे?

कधी कधी आकार आणि नक्षी दोन्ही जुळूनही जात वेगळी निघते. कोनस एब्रिअस आणि कोनस ज्युडिअस यांचे शंख पाहून वेगळे करता येत नाहीत. त्यांतला फरक दातांवरून आणि डीएनएवरून कळला. लाखो वर्षांच्या जीवाश्मात या दोन्ही गोष्टी हाती लागत नाहीत. जीवाश्माची ‘जात’ म्हणजे शंखावरून जेवढी वेगळी करता येते तेवढीच जात.

ही काळजी घेण्याचे कारण नुसते नेमकेपण नाही. कोणती जात केव्हा निर्माण झाली, कुठवर पसरली आणि केव्हा संपली, याचे हिशेब या नावांवर उभे असतात. दोन कोटी वर्षांच्या शंखाला घाईने आजच्या जातीचे नाव दिले तर त्या जातीचे आयुष्य कागदावर लाखो वर्षांनी वाढते. म्हणून पुरावा अपुरा असेल तेव्हा अभ्यासक ‘कोनस, जात अनिश्चित’ अशीच नोंद करतात.

शंख सापडल्यास ठिकाण, तारीख, तो खडकात होता की वाळूवर सुटा पडला होता, ही माहिती त्याच्याबरोबर लिहून ठेवावी आणि मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. ठिकाणाची नोंद नसलेल्या सुंदर शंखापेक्षा नोंद असलेला झिजका शंख जास्त कामाचा ठरतो. ओहोटीच्या पाण्यातला कोनस मात्र उचलू नये. तो जिवंत असेल तर विषारी दंश करू शकतो आणि काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो.