अपघातांचे दप्तर आणि माहितीचे कोठार



अपघात म्हटला की आपण एकतर दैवाकडे बोट दाखवितो, नाहीतर ड्रायव्हरकडे. घरची माणसे म्हणतात, 'वेळ भरली होती'. पंचनामा म्हणतो, 'हयगयीने व बेदरकारपणे हाकली'. दोन्ही उत्तरांनी चौकशी संपते. अमेरिकेत ती पुढे कशी चालली आणि त्यापायी माहितीची कोठारे कशी उभी राहिली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ एका जखमी वैमानिकापासून होतो. ह्यू डीहेवन हा अमेरिकन तरुण १९१७ साली कॅनडातील हवाई दलाच्या शिक्षणात होता. विमानांची हवेत टक्कर झाली. तो वाचला, पण पोटात जबर इजा झाली. ती आपल्याच पट्ट्याच्या बकलाने केली, असे त्याच्या मनाने घेतले. म्हणजे टक्कर निराळी आणि इजा निराळी! पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास त्याने १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कॉर्नेल विद्यापीठात मोटार-अपघातांतील इजांचे संशोधन सुरू झाले. पोलिसांनी मोडक्या मोटारीचा अहवाल द्यावा, डॉक्टरांनी जखमांचा, आणि दोन्ही कागद एका टेबलावर यावेत, अशी व्यवस्था झाली. तेव्हा दिसून आले की धडकेत दार उघडून माणूस बाहेर फेकला जातो आणि तेथेच प्राणाला मुकतो. फेकला गेला म्हणून वाचला, अशी लोकांची समजूत होती. कागद उलटे बोलले. १९५६ च्या मोटारींत मजबूत कड्या आल्या.

१९६६ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी रस्ते व मोटारी यांच्या सुरक्षिततेच्या कायद्यांवर सही केली. नव्या खात्याचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक राज्याने अपघातांचे दप्तर ठेवावे, असा दंडकही आला. १९७५ पासून तेथे रस्त्यावरील प्रत्येक मृत्यूची देशभर एकाच नमुन्यात नोंद होते. अपघातानंतर तीस दिवसांत मरण आले तर तो अपघाती मृत्यू. व्याख्या रुक्ष वाटेल. पण एका गावी चोवीस तास आणि दुसऱ्या गावी महिना धरला, तर दोघांची तुलना ती काय करावयाची?

परंतु हे कोठार मृतांचे होते. जन्माचा पांगळा झालेला त्यात नव्हता. त्याची हकीकत पोलिसांकडे एका खुणेपुरती, रुग्णवाहिकेकडे थोडी, आणि इस्पितळाकडे पुरती, खर्चासकट. हे कागद जोडावे कसे? नावे बहुधा मिळत नसत. मिळाली तरी रोग्याची गुप्तता आड येई. १९९२ साली सात राज्यांत यासाठी एक योजना हाती घेतली गेली. तारीख, वेळ, वय, लिंग, ठिकाण अशा बारीक खुणा ताडून दोन नोंदी एकाच माणसाच्या असण्याचा संभव गणिताने काढीत. आपल्याकडे लग्न जमविणारे याहून कमी खुणांवर घरे जोडतात, तो भाग निराळा! सीट-बेल्ट आणि हेल्मेट यांनी किती जीव व किती पैसा वाचतो, याचा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे गेला. कोठाराची आखणी करताना प्रथम प्रश्न ठरवावा लागतो. हेल्मेटचा रकानाच फॉर्ममध्ये नसेल, तर पुढे कितीही मोठा संगणक आणला तरी तो ते सांगणार नाही.

स्वीडनने पोलीस व इस्पितळे यांची एकत्र नोंद २००३ पासून चालविली.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. २०२१ पासून मद्रासच्या आय.आय.टी.ने आखलेली एकत्रित अपघात-नोंदणी सुरू झाली. प्रारंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरूनच मोबाइलवर नोंद करतो. त्याच नोंदीत रस्ते-खात्याने रस्त्याची, परिवहन खात्याने गाडीची आणि इस्पितळाने जखमांची माहिती भरावयाची असते. पोलिसाचे पान भरले आणि डॉक्टरचे कोरे राहिले, तर आपल्या हाती पुन्हा तो जुना पंचनामाच येतो.