मॅक्रो भिंगासाठी टेलिकन्व्हर्टरची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

फुलपाखराच्या पंखावरील खवले किंवा मुंगीचे संयुक्त नेत्र यांचे चित्रण करावयाचे, तर मोठी प्रतिमा मिळविणे आवश्यक असते. मात्र त्यासाठी कॅमेरा फार जवळ नेला की जिवंत कीटक उडून जातो, आणि कॅमेऱ्याची सावली त्याच्यावर पडते. अंतर कायम ठेवून प्रतिमा वाढविण्याचा एक उपाय म्हणजे भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर होय. त्याची निवड केवळ वर्धनाच्या आकड्यावरून करता येत नाही, हे त्याच्या इतिहासातून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

बार्लो भिंग : मूळ कल्पना

टेलिकन्व्हर्टरची मूळ कल्पना खगोलशास्त्रातील आहे. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाणारे अंतर्वक्र, वर्णदोषरहित भिंग १८३० च्या दशकात प्रचारात आले. जॉर्ज डॉलंड यांनी त्याची माहिती १८३४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. जुळ्या ताऱ्यांमधील अंतर दुर्बिणीतील सूक्ष्ममापकाच्या बारीक तारांनी मोजले जाई. नेत्रिकेची शक्ती वाढविली की ताऱ्यांच्या प्रतिमेबरोबर तारांची जाडीही वाढलेली दिसे. बार्लो भिंगामुळे प्रतिमा वाढली, परंतु तारा होत्या तेवढ्याच बारीक राहिल्या.

या घटनेचे महत्त्व मोठे आहे. हे भिंग नवा तपशील निर्माण करीत नाही. मुख्य भिंगाने घडविलेली प्रतिमा ते मोजणाऱ्या किंवा नोंदविणाऱ्या माध्यमाच्या तुलनेत मोठी करते. पुढील काळात सूक्ष्ममापकाच्या तारांची जागा फिल्मच्या कणांनी व नंतर संवेदकाच्या पिक्सेलांनी घेतली; तत्त्व मात्र तेच राहिले. १८९१ मध्ये लंडनचे डॉलमेयर, म्युनिकचे स्टाइनहाइल आणि बर्लिनचे मीथे यांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंगाची रचना मांडली. त्यातही बहिर्वक्र गटामागे अंतर्वक्र गट हीच योजना होती.

मॅक्रो भिंगाचा उदय :

१९५५ मध्ये हाइन्झ किलफिट यांचे ४० मि.मी. मॅक्रो-किलार भिंग बाजारात आले. १९५६ मध्ये जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने ५ सें.मी. मायक्रो-निक्कोर हे भिंग आणले. जपानी चित्रलिपीतील दाट रेषा मायक्रोफिल्मवर सुस्पष्ट उमटाव्यात, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. कागद जागचा हलत नसल्यामुळे अशा कामात अंतराचा प्रश्न गौण होता. कीटकांच्या चित्रणात मात्र तो प्रमुख ठरला.

दोन मार्गांची तुलना :

१९७७ मधील निकॉनच्या १०५ मि.मी. एफ ४ मायक्रो-निक्कोर भिंगाच्या उदाहरणातून निवडीचे स्वरूप लक्षात येते. हे भिंग स्वतः वस्तूच्या निम्म्या आकाराची, म्हणजे १:२ प्रतिमा देई. १:१ पर्यंत जाण्यासाठी ५२.५ मि.मी. लांबीची पीएन-११ एक्स्टेन्शन ट्यूब किंवा दुप्पट शक्तीचा टेलिकन्व्हर्टर असे दोन मार्ग होते. साध्या भिंगसूत्रानुसार १:२ प्रमाणात वस्तू भिंगापासून ३१५ मि.मी. अंतरावर असते. ट्यूब लावून १:१ गाठल्यास हे अंतर २१० मि.मी. होते, कन्व्हर्टर लावल्यास ते ३१५ मि.मी. एवढेच राहते. म्हणजे कीटक व भिंग यांच्यामध्ये १०५ मि.मी. जागा अधिक मिळते.

याचे मूल्य प्रकाशाच्या रूपाने मोजावे लागते. त्याच गणितानुसार ट्यूबसह परिणामी ॲपर्चर एफ ८ होते, तर कन्व्हर्टरसह एफ १२, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडे अधिक नुकसान. शिवाय ट्यूबमध्ये काच नसते. कन्व्हर्टर मात्र मुख्य भिंगाचे दोषही प्रतिमेबरोबर वाढवितो. ॲपर्चर फार लहान केल्यास विवर्तनामुळे प्रतिमा आधीच मृदू झालेली असते, आणि कन्व्हर्टर त्या मृदूपणाचाच विस्तार करतो.

मुख्य भिंगाशी सुसंगती :

कन्व्हर्टर कोणत्या भिंगासाठी आहे, हा प्रश्न उत्पादकांनीही मान्य केला होता. निकॉनने १९७७ मध्ये टीसी-२०० हा कन्व्हर्टर प्रामुख्याने २०० मि.मी. पर्यंतच्या भिंगांसाठी, तर टीसी-३०० हा ३०० मि.मी. व त्यावरील भिंगांसाठी दिला. दोन्हींची शक्ती दुप्पटच होती. रचना मात्र भिन्न होती. कॅननच्या ईएफ मालिकेत, जी १९८७ मध्ये सुरू झाली, कन्व्हर्टरचा पुढील काचगट बाहेर आलेला असे. त्यामुळे तो १९९० च्या १०० मि.मी. मॅक्रो भिंगावर बसत नसे. १९९६ च्या १८० मि.मी. मॅक्रो भिंगावर मात्र बसे. केन्को कंपनीचे बाहेर न आलेल्या काचेचे कन्व्हर्टर अनेकांनी याच कारणासाठी स्वीकारले.

आरसाविरहित कॅमेऱ्यांच्या काळातही हा भेद टिकून आहे. निकॉन व कॅनन यांची २०२१ मधील अनुक्रमे १०५ व १०० मि.मी. मॅक्रो भिंगे त्या कंपन्यांचे कन्व्हर्टर स्वीकारत नाहीत. याउलट, ओएम सिस्टिमचे २०२३ मधील ९० मि.मी. मॅक्रो भिंग स्वतः २:१ वर्धन देते आणि एमसी-२० कन्व्हर्टरसह ४:१ पर्यंत पोहोचते.

समारोप :

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम कन्व्हर्टर मुख्य भिंगावर सुरक्षितपणे बसतो का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुढे आलेली काच भिंगाच्या मागील काचेवर आदळू शकते. त्यानंतर मुख्य भिंगाची गुणवत्ता विचारात घ्यावी लागते. वर्धनाचा आकडा शेवटी येतो : १.४ पट शक्तीसाठी एक स्टॉप, तर दुप्पट शक्तीसाठी दोन स्टॉप प्रकाश द्यावा लागतो. स्थिर वस्तूसाठी ट्यूब पुरेशी असते. जिवंत प्राण्याला न पकडता, न मारता त्याचे निरीक्षण करावयाचे असेल, तर अंतर राखणाऱ्या कन्व्हर्टरसाठी दिलेला प्रकाश वाया जात नाही.