म्यूट बटणाची गोष्ट

आजचा भाग म्यूट बटणावर आहे. सुरुवात माझ्याच गुन्ह्यापासून करतो.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या लॅनवर आम्ही रात्र रात्र काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. त्यात एक कमांड आहे, 'व्हॉइस इनपुट फ्रॉम फाइल'. ती चालू केली की गेम माइकऐवजी एका वेव्ह फाइलमधला आवाज टीमला ऐकवतो. मी त्यात डीजेचा भोंगा टाकला. पहिल्या दिवशी सगळे हसले, दुसऱ्या दिवशी दोघंच. तिसऱ्या दिवशी पैज लावलेली मॅच होती. मी जीव तोडून ओरडतोय, "बॉम्ब बी वर आहे, बी वर!" आणि दुसऱ्या ब्लॉकमधला आमचा भिडू निवांत ए वर उभा. हरलो. भांडायला त्याच्या खोलीत गेलो, तर तो म्हणाला, "तू बोलत होतास? तुला तर मी परवाच म्यूट केलंय."

मजा म्हणजे, या गेममध्ये म्यूट केलं की तुमचा आयडी समोरच्याच्या फोल्डरमध्ये 'व्हॉइस बॅन' नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. मॅच संपली, पीसी बंद केला, तरी तिथून हलत नाही.

ही आयडिया तशी गेमपेक्षा जुनी. १९८४ मध्ये लॅरी वॉलने (हाच पुढे पर्ल भाषा लिहिणारा) युजनेटवरचे मेसेज वाचायला एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात 'किल फाइल' होती. नकोसे विषय, नकोशी माणसं त्यात लिहून ठेवायची, की ते मेसेज तुम्हाला दिसतच नाहीत. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ऑइकारिनेनने आयआरसी चॅट बनवलं, तिथेही पुढे 'इग्नोर' आलं. म्हणजे बोलणारा बोलतच राहतो, कान फक्त तुमचे बंद होतात.

टायपिंगपर्यंत हे ठीक होतं. २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह हेडसेटसकट विकायला आलं आणि अनोळखी माणसाचा आवाज थेट हॉलमध्ये पोचला. टाइप केलेल्या शिवीकडे डोळेझाक करता येते हो, पण त्याच कानाने शत्रूची पावलं ऐकायची असतात, तिथे कोणी भोंगा वाजवला तर काय करणार? आणि पुढे तर आवाजच विकायला लागले! २०१८ च्या डोटा २ च्या बॅटल पासमध्ये कॉमेंटेटरांच्या आरोळ्या मिळायच्या. एक बटण दाबा, सगळ्यांच्या कानात आरोळी.

माझी मावसबहीण मोबाइलवर बॅटल रॉयल खेळते. माइक कायम बंद. आवाज मुलीचा आहे कळलं की काय सुरू होतं, ते इथे सांगत नाही. मी शहाणपणा केला, "म्यूट कर ना त्यांना." ती म्हणाली, "दादा, दर मॅचला तीन नवीन लोक असतात. म्यूट करत बसू की खेळू?"

तेव्हा कळलं की या बटणाने सगळं काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात मारलंय. दरवेळी, नव्याने, आणि तेही शिवी ऐकून झाल्यावर.

हे उलटं करून पाहिलं लीग ऑफ लेजंड्सवाल्या रायटने. विरुद्ध टीमशी चॅट त्यांनी आधीपासूनच बंद ठेवलं. हवं असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. त्याआधी या चॅटमधलं ८० टक्क्यांहून जास्त बोलणं वाईटच असायचं. आठवडाभरात वाईट चॅट ३० टक्क्यांहून जास्त घटलं आणि चांगलं जवळपास ३५ टक्क्यांनी वाढलं. कोणावरही बंदी नाही, फक्त डिफॉल्ट बदललं! आम्ही इंजिनिअर लोक डिफॉल्ट व्हॅल्यू चहा पिता पिता ठरवतो, म्हणून हे जरा टोचलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये सीएस:गोनेही तेच केलं. इतरांपेक्षा खूपच जास्त तक्रारी आलेला खेळाडू सगळ्यांसाठी आधीपासूनच म्यूट. ऐकायचंच असेल तर तुम्ही हाताने अनम्यूट करा.

आमच्या भिडूने मला अनम्यूट केलं ते थेट सेमिस्टर संपताना. तोवर मी बॉम्ब कुठे आहे ते टाइप करून सांगायचो, आणि टाइप होईपर्यंत बहुतेक वेळा मेलेलो असायचो.