खानदेशचे गवत, बल्गेरियाचा गुलाब

एकोणिसाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात गुलाबाचे अत्तर विकत घेणाऱ्याच्या कुपीत पुष्कळदा खानदेशातले गवत असे. या गवताचे नाव रोशा. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. पुढे याच गवताने वनस्पतिशास्त्रज्ञांना पेचात टाकले. दोन वनस्पती डोळ्यांना एकच दिसतात, पण नाकाला वेगळ्या लागतात. मग त्या एक मानायच्या की दोन?

आधी व्यापाराची गोष्ट. पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर रोशा फुलावर येई आणि पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे या पट्ट्यात ओढ्याकाठी भट्ट्या पेटत. मोठ्या देगेत पाणी घालून गवत कोंबायचे, झाकण लिंपून घ्यायचे आणि वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. वर तरंगणारे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात पोहोचे. तिथे त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ हे नाव मिळे. वास्तविक त्यात तुर्की काही नव्हते आणि जिरेनियमही नव्हते! उन्हात ठेवून त्याचा रंग फिका केला, की ते बल्गेरियातील काझानलाकच्या गुलाबतेलात मिसळायला तयार होई.

ही भेसळ पकडणे अवघड का होते, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. १८७१ मध्ये ऑस्कर जेकबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच भारतीय गवताच्या तेलातून एक सुगंधी अल्कोहोल वेगळे केले. त्याचे नाव जेरॅनिऑल. गुलाबाच्या तेलातही तेच असते. म्हणजे भेसळ करणारा परका पदार्थ घालत नव्हता, गुलाबाचाच एक घटक स्वस्तात घालत होता. खरे गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखा अंश असतो. गवताचे तेल मिसळले की ते उशिरा गोठते. ही परीक्षा रूढ होताच भेसळखोर देवमाशाच्या डोक्यातील मेण घालू लागले. अशा व्यवहारात बुद्धीची वाण कधीच नसते.

मात्र रोशाचे सगळे तेल एका भावाने विकले जात नसे. भट्टीवाले आणि व्यापारी त्यात दोन जाती मानत: मोतिया आणि सोफिया. मोतियाचा वास गुलाबाच्या जवळचा, म्हणून त्याचा भाव चढा. सोफियाचा वास उग्र, म्हणून त्याचा भाव उतरता. युरोपच्या बाजारात पहिल्याला पामारोझा, तर दुसऱ्याला जिंजरग्रास म्हणत.

वनस्पतिशास्त्र मात्र हा भेद मानायला तयार नव्हते. गवतांचे वर्गीकरण प्रामुख्याने त्यांच्या बारीक कणिशकांच्या रचनेवरून होते. १८८९ मध्ये एडुआर्ड हॅकेलने जगभरच्या या गवतांचा आढावा घेताना अनेक सुगंधी गवते मोजक्या जातींत एकत्र केली. १९०६ मध्ये क्यू येथील ऑटो स्टाफ यांनी भारत आणि सिलोनच्या तैलगवतांवर सविस्तर निबंध लिहिला. त्यात त्यांनी ही गवते ‘सिम्बोपोगॉन’ या जुन्या प्रजातीखाली आणून नीट मांडली; पण रोशा एकच राहिला.

१९०९ मध्ये कलकत्त्यातील आय. एच. बर्किल यांनी मोतिया-सोफियाचा प्रश्न हाती घेतला. कणिशकांत त्यांना भरवशाचा भेद सापडेना. पान खोडाशी किती कोनात उभे राहते, एवढाच काय तो फरक. मोतिया निचऱ्याच्या कोरड्या उतारावर विरळ वाढतो, तर सोफिया दमट जागी दाट माजतो. तेलातील फरक मात्र ठळक होता. मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ९० टक्के जेरॅनिऑल असते. सोफियात ते बरेच कमी असून लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल अशी वेगळीच मंडळी भरलेली असतात.

हा केवळ मातीचा गुण म्हणावा, तर पुढे गुणसूत्रे मोजली गेली तेव्हा मोतियात २० आणि सोफियात ४० आढळली. भट्टीवाल्यांच्या नाकाने हेरलेला भेद पेशींतही होता.

नावांचा इतिहासही बोलका आहे. या गवताच्या जातीचे नाव ‘मार्टिनी’ हे क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीवरून पडले. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात त्याने बालाघाटच्या पठारावर हे गवत पाहिले, बी जमवले आणि लखनौला लावले. विल्यम रॉक्सबर्गच्या १८२० साली छापलेल्या ग्रंथातून ते नाव रूढ झाले. पण उपजातींची शास्त्रीय नावे आजही ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ हीच आहेत. भट्टीवाल्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या वनस्पतीला मिळाले नाही. त्यांचे शब्द तेवढे लॅटिन नामावलीत शिरले.

तरीही तेलावरून सरसकट जाती पाडता येत नाहीत. कोल्हापूरच्या परड्यांत, चहात टाकण्यासाठी लावलेला गवती चहा घ्या. त्याच्या तेलाचा मुख्य घटक सिट्रल. केरळात तेलासाठी वाढवले जाणारे गवत ही वेगळी जाती, पण तिच्याही तेलात सिट्रलच बहुसंख्य. रोशात रूप एक आणि तेले दोन, तर इथे जाती दोन आणि मुख्य घटक एक. त्यातून गवती चहा क्वचितच फुलतो, त्यामुळे कणिशके तपासावीत म्हटले तरी ती सापडत नाहीत. इथे एक किरकोळ घटक उपयोगी पडतो: मर्सीन. गवती चहाच्या तेलात तो बराच असतो आणि ठेवल्यावर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. म्हणून केरळचे तेल मद्यार्कात स्वच्छ विरघळते, तर गवती चहाचे जुने तेल तितके नीट विरघळत नाही.