लातूरचा तरुण आमदार

माझ्या वर्गातला एक मुलगा गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीला उभा राहिला आणि चार मतांनी पडला. वय बावीस. निकालानंतर पंधरा दिवस तो वर्गात फिरकला नाही. आला तेव्हा म्हणाला, "सर, आता पुन्हा उभं राहायचं नाही. चार मतं म्हणजे एकाच घरातली माणसं. कोणतं घर, तेही ठाऊक आहे." त्याला काय सांगावं हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आम्ही इतिहासाचे मास्तर, आम्हाला उत्तरं उशिरा सुचतात. मग घरी येऊन जुन्या वह्या चाळल्या. त्यातलं थोडं आज आपल्यापुढे मांडतो.

नांदेड आणि लातूर या शेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि त्यांचे चिरंजीव अशोकराव, लातूरकडचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. आमच्याकडे ही यादी अभिमानाने सांगतात. पण यादीत पडझडही आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही.

मुळात आमदारकी ही गोष्टच मराठवाड्यात नवी. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलं. त्यानंतर १९५२ साली हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी निवडणूक झाली, आणि इथल्या शेतकऱ्याने, इथल्या बाईने, प्रौढ मताधिकाराने पहिल्यांदा मत टाकलं. त्या पहिल्याच निवडणुकीत हदगावहून एक तरुण वकील उभा होता. वय बत्तिशीच्या आत, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेला. नाव शंकरराव चव्हाण. तो पडला. पुढे नांदेडच्या नगरपालिकेत त्याने काम केलं, नगराध्यक्ष झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५७ साली धर्माबादहून हाच माणूस आमदार झाला. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली. फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते धरण राष्ट्राला अर्पण केलं, तेव्हा हदगावला पडलेला तो वकील राज्याचा मुख्यमंत्री होता. शिस्तीमुळे लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. हे विशेषण आम्हा मास्तरांना थोडं सुखावतं, एवढंच.

पण आज मला बोलायचं आहे ते लातूरबद्दल.

लातूरचा मतदार तसा एका खुंटीला बांधलेला नव्हता. केशवराव सोनवण्यांसारख्या सहकारातल्या बड्या माणसाला त्याने निवडून दिलं, आणि १९६७ साली समाजवादी बापू काळदात्यांनाही मुंबईला धाडलं. सत्तरच्या दशकात इथून शिवराज पाटील चाकूरकर विधानसभेत गेले, सभापती झाले. १९८० च्या आरंभी ते लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी राज्य विधानसभेची निवडणूक आली आणि लातूरची जागा एका पस्तीस वर्षांच्या वकिलाला मिळाली.

विलासराव देशमुखांचा जन्म २६ मे १९४५ चा, गाव लातूरजवळचं बाभळगाव. शिक्षण पुण्यात, कायद्याची पदवीही तिथलीच. गावी परतून त्यांनी वकिली सुरू केली आणि १९७४ साली गावचे सरपंच झाले. मग उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर तालुका पंचायत समितीचे उपसभापती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं.

इथे जरा थांबू या. पंचायत राज्याचा कायदा महाराष्ट्राने १९६१ साली केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधीच्या पिढीला राजकारणाची शाळा म्हणजे तुरुंग, सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प. विलासरावांच्या पिढीला तसं काही वाट्याला आलं नाही. त्यांची शाळा म्हणजे सरपंचाची टेबलखुर्ची, शाळाखोलीचं छप्पर, विहिरीचा गाळ, नि बी-बियाणं वेळेवर आलं नाही म्हणून दारात बसलेली माणसं. कोणाची शाळा मोठी हा वाद मी घालत नाही. एवढं मात्र खरं की सरपंच झालेला आमदार विधानसभेत बोलतो तेव्हा तलाठी आणि ग्रामसेवक यांत फरक काय, हे त्याला कोणी समजावून द्यावं लागत नाही.

१९८० ची ती विधानसभा आमच्या भागाला आणखी एका कारणाने लक्षात राहावी. शेजारच्या रेणापूर मतदारसंघातून जनसंघाच्या मुशीत घडलेला तिशीतला एक तरुण त्याच वर्षी निवडून आला. गोपीनाथ मुंडे. एक काँग्रेसचा, एक भाजपचा. दोघेही हजरजबाबी, दोघांची मैत्री सभागृहाबाहेर साऱ्या राज्याला माहीत. मुंडे १९८५ साली पडले आणि १९९० साली परत आले.

विलासराव १९८० ते १९९५ अशी पंधरा वर्षं आमदार होते. १९८२ साली बाबासाहेब भोसल्यांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. त्याच वर्षी, १६ ऑगस्टला, उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. पुढे पूर्ण मंत्री म्हणून निरनिराळी खाती त्यांनी सांभाळली. मांजरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो त्यांच्या पुढाकाराने. पाणी कमी असलेल्या मुलखात ऊस वाढवणं कितपत शहाणपणाचं, हा प्रश्न मात्र मला राहून राहून पडतो. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तो आणखी टोचला. मात्र कारखाना नसता तर बाभळगावच्या आसपासच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडलं असतं, हेही विचारायला हवं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा तालुक्यातली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली, हजारो माणसं दगावली. आणि दीड वर्षाने, १९९५ च्या निवडणुकीत, लातूरने आपल्या मंत्र्याला पाडलं. जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर सुमारे ३५ हजार मतांनी निवडून आले. राज्यभर काँग्रेस ऐंशी जागांवर आली आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार बसलं. मतांचा हा फरक माझ्या विद्यार्थ्याच्या चार मतांसारखा नव्हता. एका घराचं नाव घ्यावं असं काही त्यात नव्हतं. गावंच्या गावं विरोधात गेली होती.

याच्या पुढची गोष्ट महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासातली एक विलक्षण गोष्ट आहे. १९९६ साली विलासराव विधान परिषदेच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून, म्हणजे स्वतःच्या पक्षाबाहेरून, उभे राहिले आणि अर्ध्या मताने पडले. वाचकहो, अर्धं मत म्हणजे काय, असं आपण विचाराल. मीही विचारलं होतं. त्याचं असं आहे. या निवडणुकीत आमदार मत देतात ते पसंतीक्रमाने : एक, दोन, तीन. मोजताना प्रत्येक मतपत्रिकेची किंमत शंभर धरतात. समजा २८८ आमदारांनी मतं दिली आणि जागा नऊ आहेत. मग एकूण किंमत २८ हजार ८००. तिला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे दहाने भागायचं, आणि आलेल्या २ हजार ८८० मध्ये एक मिळवायचा. २ हजार ८८१ हा कोटा. ज्याला कोट्यापेक्षा जास्त मिळालं त्याची शिल्लक दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते, पण पूर्ण मत म्हणून नव्हे, त्याच्या अंशाने. अशा अंशांची बेरीज होता होता एखादा माणूस पन्नासाच्या आसपास कमी पडतो, आणि लोक म्हणतात, अर्ध्या मताने पडला.

सरळ निवडणुकीत हजारो मतांनी पडलेला, मग अर्ध्या मताने पडलेला, शिवाय पक्षाच्या शिस्तीविरुद्ध उभा राहिलेला. अशा पन्नाशीतल्या माणसाचं राजकारण संपलं असं म्हणणाऱ्याला त्या वेळी कोणी वेडं म्हटलं नसतं. मीही तसंच म्हणालो असतो.

१९९९ साली काँग्रेस फुटली, शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. विलासराव काँग्रेसमध्येच होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत लातूरने त्यांना सुमारे ९१ हजार मतांच्या आघाडीने निवडून दिलं. राज्यातली ती सर्वांत मोठी आघाडी. तीच गावं, तोच माणूस, मधे साडेचार वर्षं. १८ ऑक्टोबर १९९९ ला त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. जानेवारी २००३ मध्ये पद सोडावं लागलं, नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा मिळालं, आणि मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पुन्हा गेलं. हल्ला झालेल्या ताज हॉटेलच्या पाहणीला चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेल्याची टीका झाली, आणि माझ्या मते ती टीका रास्तच होती. त्यांच्यामागून ८ डिसेंबरला शपथ घेतली ती नांदेडच्या अशोकराव चव्हाणांनी.

एक मौज जाता जाता सांगतो. २००४ साली निलंग्यात काय झालं? शिवाजीराव निलंगेकर १९६२ पासूनचे आमदार, माजी मुख्यमंत्री. त्यांना पाडलं त्यांच्याच नातवाने, संभाजीरावांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याच वर्षी त्या नातवाच्या आईने, रूपाताईंनी, सलग सात वेळा लोकसभा जिंकलेल्या शिवराज पाटलांना हरवलं. आणि २००९ साली आजोबा पुन्हा निवडून आले, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

हे सगळं मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, पण त्यांच्या मागे कारखाना होता." त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. १९७४ साली बाभळगावच्या सरपंचामागे कारखाना नव्हता, असं मी म्हणालो. तरी देशमुखांचा वाडा होता, हे तो बोलला नाही आणि मीही बोललो नाही.

विलासराव १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत वारले. दुसऱ्या दिवशी बाभळगावात अंत्यसंस्कार झाले. ज्या 'लातूर' मतदारसंघाने त्यांना निवडलं, पाडलं आणि पुन्हा निवडलं, तो त्या नावाने आता उरलेला नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्याच्या जागी लातूर शहर आणि लातूर ग्रामीण असे दोन मतदारसंघ झाले, आणि २००९ ची निवडणूक त्याच नावांनी झाली.